आधी एका बिलाच्या मागे चालत जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत मिळून ग्रुपचे पाच प्लांट आहेत, माणसं दीडएक हजार. ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशोबापर्यंतचं एकत्र सॉफ्टवेअर, आहे, पण मंजुऱ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, पाठपुरावा फोनवर आणि खरा हिशोब ज्याच्या त्याच्या एक्सेलमध्ये. आता वरून आदेश आलाय की खरेदी, बिलं, जॉबवर्क (बाहेरच्या शॉपकडून करून घेतलेलं काम), रजा, ग्राहकांच्या तक्रारी, सगळं सहा महिन्यांत ऑटोमेट करा. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, कारण त्याचा नंबर खरोखरच शेवटी लागतो. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली बरीचशी कोल्हापुरातल्या फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये गेली. सहा महिन्यांत ‘सगळं’ होत नाही, हे व्यवस्थापनाला आजच स्पष्ट सांगा. सहा महिन्यांत एक काम पाचही प्लांटमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट चालवता येतं. माझ्या मते ते काम खरेदीच्या बिलाचं असावं: माल गेटवर आल्यापासून पुरवठादाराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत. बरेच जण सोपा म्हणून रजेचा अर्ज आधी घेतात. त्यानं कुणाचं फारसं अडलेलं सुटत नाही, आणि अवघड काम समोर येईपर्यंत लोकांचा उत्साह संपून गेलेला असतो.

कुठलाही फ्लोचार्ट काढायच्या आधी एका बिलाच्या मागे चालत जा. शब्दशः चालत जा, मीटिंग रूममध्ये बसून नाही. मीटिंगमध्ये लोक काम कसं व्हायला हवं ते सांगतात, कसं होतं ते नाही. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. स्वतःच्या टेबलापलीकडचं कुणाला दिसतच नाही.

एका फौंड्रीत मी रेझिनच्या (साच्याची वाळू बांधणाऱ्या रसायनाच्या) ड्रमांच्या बिलामागे असाच चाललो होतो. सकाळी साडेनऊला टेम्पो गेटवर आला. वॉचमननं आवक रजिस्टरला नोंद केली, वजनकाट्याची पावती मालासोबतच्या चलनाला टाचणीनं लावली. ड्रम स्टोअरला उतरले, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची रीतसर नोंद, झाला नाही, कारण लॅबचा रिपोर्ट यायचा होता. लॅबनं त्याच दुपारी सॅम्पल पास करून रिपोर्ट आपल्या फाइलला लावला. स्टोअरला कळवायचं राहून गेलं. चौथ्या दिवशी मोल्डिंगवाल्यांनी रेझिन मागितलं तेव्हा शोधाशोध झाली आणि पाचव्या दिवशी जीआरएन निघाला. बिल मात्र पुरवठादाराच्या माणसानं पहिल्याच दिवशी परचेसमधल्या ओळखीच्या माणसाच्या हातात दिलं होतं. ते त्याच्या ड्रॉवरमध्ये राहिलं, कारण दर पीओपेक्षा, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डरपेक्षा, किलोला दोन रुपये जास्त होता. दरवाढ फोनवर ठरली होती, पीओ कुणी बदललाच नव्हता. पीओची दुरुस्ती, प्लांट हेडची सही, पुन्हा स्टोअर, आणि अकाउंट्सच्या टेबलावर ते बिल पडलं एकविसाव्या दिवशी. सगळ्यांनी मिळून त्या बिलावर प्रत्यक्ष केलेलं काम मोजलं तर तासभरही भरेना.

स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेले आबा मला म्हणाले, “साहेब, कागुद मुद्दाम कोण अडवत न्हाई. त्यो आपला पडून ऱ्हातोय. कुणाचा हाय त्येच ठाऊक नसतंय बघा.”

तेव्हापासून मी प्रत्येक डिझाइनला हाच प्रश्न लावतो: या क्षणी हा कागद कुणाच्या नावावर आहे? ‘परचेस डिपार्टमेंट’ हे उत्तर मी घेत नाही. एक पद, त्या पदावरचा आजचा माणूस, आणि तो नसेल तर त्याच्या जागी कोण, एवढं ठरलेलं असलं पाहिजे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कागद ज्या फटीत पडतो ती फट बुजवणं, हेच वर्कफ्लोचं, म्हणजे कागदाच्या टेबलाटेबलांतल्या ठरवून दिलेल्या प्रवासाचं, मुख्य काम. सही कागदावरून स्क्रीनवर नेली म्हणून ती फट बुजत नाही.

आता हेच मोठ्या प्रमाणावर करा. प्रत्येक प्लांटमधून तीस बिलं घ्या, त्यातली दहा सगळ्यात जुनी, रखडलेली. एक्सेलमध्ये तीनच रकाने करा: बिलाचा क्रमांक, टप्पा, तारीख-वेळ. प्रोसेस मायनिंगच्या (नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते शोधणाऱ्या) महागड्या सॉफ्टवेअरलाही मुळात एवढीच माहिती लागते. गेट रजिस्टर, काटा पावती, लॅबचं रजिस्टर, ईआरपीतली नोंद आणि बँकेची तारीख जुळवली की वेळ कुठे जातो ते आठवड्याभरात दिसेल. पडताळा हवा असेल तर जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला साधा नियम वापरा. रोज सरासरी ४० बिलं निकाली निघत असतील आणि कुठल्याही दिवशी ८०० प्रलंबित दिसत असतील, तर एका बिलाला सरासरी २० दिवस लागतायत. कुणी “आमच्याकडे चार दिवसांत होतं” म्हणालं तर वाद न घालता हे दोन आकडे समोर ठेवा.

ही मोजणी व्यवस्थापनाला दाखवताना कायद्याची बाजू जरूर मांडा, कारण इथे उशिराची थेट किंमत मोजावी लागते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. त्यातच आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. ते आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं आणि मुदत ओलांडलेल्या देण्याची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळू लागली. हे अकाउंट्सला माहीत असतं. पण मुदतीचे दिवस कुठून मोजायचे याकडे वर्कफ्लो बनवणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. मुदत माल स्वीकारल्यापासून चालू होते, आणि मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. म्हणजे घड्याळ गेटवर सुरू होतं. बहुतेक ईआरपीत ते बिलाच्या तारखेपासून किंवा अकाउंट्सनं नोंद केली त्या दिवसापासून लावलेलं असतं. वरच्या रेझिनच्या बिलात लेखी करार नसता, तर बिल अकाउंट्सला दिसण्याआधीच मुदत संपलेली होती.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीन लेथ घेऊन बसलेला माणूस तुमच्या चेकवर कामगारांचा पगार करतो. त्याचं बिल ड्रॉवरमध्ये राहिलं की तो व्याजानं पैसे उचलतो. हे मी जवळून बघितलंय. म्हणूनच पहिला नंबर बिलांचा असा आग्रह धरतोय.

गेटवरच सुरुवात करायची तर एक सोय आयती हाताशी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्या बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये पुरवठादाराचा आणि तुमचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि आयआरएन (सरकारी पोर्टलनं त्या बिलाला दिलेला क्रमांक) असतो. गेटवर एक स्कॅनर ठेवा. वॉचमननं कोड स्कॅन केला की बिलाची नोंद टाइप न करता उभी राहते, तिला पीओ जोडला जातो आणि मुदतीचं घड्याळ त्याच मिनिटाला चालू होतं. लहान पुरवठादारांच्या बिलांवर हा कोड नसेल. त्यांच्यासाठी फोटो आणि चार रकाने भरायची सोय ठेवा. या एका बदलानं ड्रॉवरमधल्या बिलांचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण बिल कुणाच्या हातात दिलं याला मग महत्त्व राहत नाही.

यानंतर पीओ, जीआरएन आणि बिल या तिघांची जुळणी. तिन्ही जुळलं तर माणसानं हात लावायचं कारण नाही. ते सरळ पेमेंटच्या यादीत गेलं पाहिजे. खरी मेहनत न जुळणाऱ्या बिलांवर घ्यायची असते, आणि तिथेच बहुतेक डिझाइनं तोकडी पडतात. वाळूचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या पावसात सिलिका सँड भिजून येते आणि काट्यावर पाण्याचंही वजन भरतं. ओलाव्याची वजावट किती धरायची, हे आजवर स्टोअर आणि पुरवठादार तोंडी ठरवत आलेत. ऑटोमेशन केलं आणि वजनातल्या फरकाला सरसकट अर्धा टक्का मर्यादा लावली, तर जून ते सप्टेंबर वाळूचं प्रत्येक बिल अडकेल. आठवड्याभरात कुणीतरी ती मर्यादाच काढून टाकायला लावेल. म्हणून वस्तूनुसार आणि हंगामानुसार मर्यादा एका तक्त्यात ठेवा, प्रत्येक ओळीला लागू झाल्याची तारीख घाला, आणि तो तक्ता बदलायचा अधिकार परचेस हेडला द्या. नियम प्रोग्रॅमरच्या कोडमध्ये पुरला गेला की तो बदलायला प्रत्येक वेळी कोटेशन मागवावं लागतं.

मंजुरीची साखळी छाटायला कुणाला आवडत नाही, पण ती छाटल्याशिवाय वेग येत नाही. गेल्या वर्षभराच्या नोंदी काढा आणि बघा: कुठल्या पदानं एकदाही काही परत पाठवलेलं नाही? वर्षभर प्रत्येक कागदावर फक्त सही करणाऱ्या टप्प्यावर तपासणी होत नाही, कागद थांबतो एवढंच. त्या माणसाला माहिती हवी असेल तर संदेश जाऊ द्या, पण कागद त्याच्यापाशी थांबवू नका. हे बोलताना मान राखा. वीस वर्षं सही करणाऱ्या माणसाला वाटतं की आपला अधिकार काढून घेतला. मी अशा वेळी त्यांच्याकडे न जुळलेल्या बिलांचा निकाल सोपवतो. त्यांचा अनुभव तिथे खरा कामाला येतो आणि त्यांनाही ते पटतं. एक पथ्य मात्र कधी सोडू नका: पुरवठादाराचं बँक खातं बदलणारा आणि पेमेंट सोडणारा माणूस एकच असता कामा नये. घाई कितीही असो.

बदली माणसाची सोय लोक सर्वात हलक्यात घेतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. प्लांट नदीच्या एका बाजूला, मंजुरी देणारे साहेब शहरात, फोन लागला तर लागला. एका ठिकाणी जनरेटरच्या डिझेलची खरेदी अडली होती, कारण सिस्टिममध्ये अधिकार एका माणसाच्या लॉगिनला बांधला होता. शेवटी त्याचा पासवर्ड फोनवर सांगून काम झालं. त्या दिवसात दुसरं कुणी काय करणार होतं? पण त्यानंतर तो पासवर्ड तिघांना माहीत होता आणि नोंदीतल्या नावाला काही अर्थ उरला नाही. अधिकार पदाला द्या. रजेवर जाणाऱ्याला स्वतःच बदली नेमता येऊ द्या, शेवटची तारीख टाकूनच. आणि आपत्तीचा एक वेगळा मार्ग आधीच ठरवा: ठराविक रकमेपर्यंत, ठराविक वस्तूंसाठी, प्लांटवर हजर असलेला वरिष्ठ निर्णय घेईल आणि नंतर त्याची तपासणी होईल.

तसंच, प्लांटांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक प्लांटचं कॅलेंडर वेगळं ठेवा. सुट्टीच्या दिवशी आठवणीचे संदेश येऊ लागले की लोक ते न वाचता पुसायची सवय लावून घेतात. कायद्याची मुदत मात्र सुट्टी बघत नाही, म्हणून ती दोन घड्याळं वेगळी.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, तुमच्याकडे ती होऊ नये म्हणून. एका ग्रुपमध्ये आम्ही दुहेरी बिल ओळखायला पुरवठादाराचा कोड आणि बिल क्रमांक ही जोडी धरली होती. एकाच पुरवठादाराचं खातं दोन प्लांटनी वेगवेगळ्या नावानं उघडलेलं होतं, एकीकडे ‘इंजिनिअरिंग’, दुसरीकडे नुसतं ‘इंजि.’. बिल क्रमांक एकानं ‘०१२/२२-२३’ असा टाइप केला, दुसऱ्यानं ‘१२/२२-२३’. एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. पुरवठादार प्रामाणिक होता, त्यानंच फोन करून सांगितलं. तपासल्यावर अशी आणखी बिलं निघाली. काम हातानं चालायचं तेव्हा हे व्हायचं प्रमाण कमी होतं, कारण अकाउंट्समधल्या ताईंना पुरवठादार तोंडपाठ होते. आम्ही त्यांची नजर काढून घेतली आणि तिच्या जागी अपुरा नियम बसवला.

तेव्हापासून माझा नियम ठरला: पुरवठादारांची यादी साफ झाल्याशिवाय एकही बिल आपोआप सोडायचं नाही. ओळख जीएसटी क्रमांकावर ठेवा. त्याच्या १५ अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यामुळे बेळगावच्या पुरवठादाराची २९ नं सुरू होणारी नोंदणी आणि त्याच कंपनीची इकडची २७ नं सुरू होणारी नोंदणी वेगळी दिसते, पण पॅनवरून मालक एकच हेही कळतं. बिलाचा क्रमांक जीएसटीच्या नियमानुसार १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असतो. म्हणून जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि मोकळ्या जागा, तिरप्या रेघा, सुरुवातीची शून्यं काढून टाकलेला बिल क्रमांक, अशी किल्ली करा. दोन बिलं या किल्लीवर एकसारखी दिसली तर सिस्टिमनं थांबून माणसाला विचारावं. हीच किल्ली बँकेकडे जाणाऱ्या पेमेंटलाही लावा. नेट मध्येच गेलं आणि सिस्टिमनं तीच फाइल पुन्हा पाठवली, तरी पैसे एकदाच गेले पाहिजेत. हे डेमोत कुणी दाखवत नाही. तुम्ही मुद्दाम केबल काढून दाखवायला सांगा.

बिलांचं काम स्थिर झालं की दुसरा नंबर जॉबवर्कचा. कास्टिंग मशीनिंगला बाहेर जातं, चलन फाटतं, कधी एका मशीनशॉपमधून परस्पर दुसरीकडे जातं, आणि कुठे किती नग आहेत हे एका सुपरवायझरच्या वहीत असतं. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. म्हणजे इथला वर्कफ्लो एकेक चलन वर्षभर उघडं ठेवणारा हवा, आणि त्याची आठवण नवव्या महिन्यात यायला हवी. अकरा महिने उलटल्यावर आली तर उपयोग नाही. इतक्या लांबच्या कामात मध्येच नियम बदलतात. तेव्हा आधीच निघालेली चलनं जुन्या नियमानं पूर्ण होणार की नव्या, हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्या. पुष्कळ साधनांत याचं उत्तर नीट नसतं.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या ईआरपीत मंजुरीची सोय बहुधा आहेच. आधी ती पूर्ण वापरा. काम ईआरपी, लॅब, काटा आणि बँक अशा चार प्रणालींतून जाणार असेल तेव्हा वेगळं वर्कफ्लो इंजिन घ्या, आणि ते बीपीएमएन २.० (कामाचे नकाशे काढायची ठरलेली चिन्हपद्धत) समजणारं असावं. २०११ मध्ये आलेलं हे मानक सर्वत्र चालतं, त्यामुळे तुमचे नकाशे एका विक्रेत्याकडे अडकून पडत नाहीत. रजा, गेटपास असल्या छोट्या कामांना लो-कोड, म्हणजे फारसं प्रोग्रॅमिंग न लागणारं, साधन पुरतं. माणसासारखे स्क्रीनवर क्लिक करणारे बॉट मात्र दुसरा मार्गच नसेल तिथेच वापरा. एखाद्या पोर्टलनं बटणाची जागा बदलली की ते बंद पडतात, आणि कधीकधी बंद न पडता चुकीचं करत राहतात. ते जास्त वाईट. आणखी एक: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. तुमचा वर्कफ्लो हिशोबात नोंदी करणार असेल तर त्या कुणाच्या नावावर पडतात हे ऑडिटरला आधीच दाखवा. सगळ्या नोंदी ‘अ‍ॅडमिन’च्या नावावर पडत असतील तर ते डिझाइन स्वीकारू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर बंदी घालू नका, ती टिकत नाही. तिथे संदेश जाऊ द्या, त्यातली लिंक उघडून मंजुरी मात्र सिस्टिममध्येच नोंदली जावी. ‘ओके सर’ला मंजुरी धरायचं नाही, एवढं पहिल्या दिवसापासून पाळा. आणि स्टोअर, गेट, लॅबच्या स्क्रीन मराठीत करा. ‘माल मिळाला’, ‘कमी आला’, ‘परत पाठवला’ अशी तीन मोठी बटणं असली की आबांसारख्या माणसाला प्रशिक्षण द्यावं लागत नाही.

मालकी आयटीकडे देऊ नका. गेटपासून बँकेपर्यंतच्या पूर्ण रस्त्याला एक माणूस नेमा, ज्याला परचेस, स्टोअर आणि अकाउंट्स तिघांनाही बोलता येईल. त्यानं रोज सकाळी पंधरा मिनिटं पाचही प्लांटमधली सर्वात जुनी वीस बिलं उघडायची आणि प्रत्येकाचं आज काय होणार ते विचारायचं. सरासरी बघत बसू नका. सरासरी सुधारते आणि तळातली तीच बिलं महिनोन्महिने तशीच राहतात.

सुरुवात एकाच प्लांटला करा. महिनाभर कागद आणि सिस्टिम दोन्ही चालू ठेवा, मग ठरलेल्या तारखेला कागदी मंजुरी बंद करा. दोन्ही कायमचं चालू ठेवलं तर लोक कागदच धरतील. गेटवरचं आवक रजिस्टर तेवढं राहू द्या. लाइट गेली, नेट गेलं, पाणी आलं, तर नोंद त्यात होईल आणि नंतर सिस्टिममध्ये भरली जाईल. म्हणून गेटच्या स्क्रीनवर वेळेचे दोन रकाने ठेवायला सांगा: माल आला ती वेळ आणि नोंद भरली ती वेळ. मुदतीचे दिवस पहिल्या वेळेपासून मोजा, आणि दोन वेळांत एका दिवसापेक्षा जास्त फरक पडलेल्या नोंदी त्या सकाळच्या वीस बिलांसोबत बघा.